शेणकाल्याची कापलेली ओळ

मंडळी, आज सकाळी कैनाडच्या सखूताईंसमोर मान खाली घालून उभा होतो.

रेताड जमिनीत कोळशाचा चुरा मिसळला की ओल आणि खत टिकतं, असं मी गेल्या महिन्यात लेखात लिहिलं होतं. चुरा आधी पंधरा दिवस शेणकाल्यात, म्हणजे शेण कालवलेल्या पाण्यात, मुरवायचा, ही ओळ जागा कमी पडली म्हणून मीच कापली.

ताईंनी लेख वाचून कोरडाच चुरा मिरचीला घातला. कोळशाने जमिनीतलं खत शोषलं आणि रोपं पिवळी पडली.

चूक माझी, असं मी सांगितलं. ताई म्हणाल्या, "भाऊ, तुमचा फोटो केवढा मोठा छापलाय! त्यात एक ओळ बसली असती की."

म्हणून आता तुम्हालाच विचारतो.

तुमच्यापैकी आणखी कुणी कोरडा चुरा घातलाय का?