मुरलीच्या गाडीची दृष्ट

पापनाशम गावातली ती जुनी पांढरी गाडी आधी सीतारामरावांनीच पाहिली होती. मालक भाव उतरवेल म्हणून ते आठवडाभर तिकडे फिरकले नाहीत, आणि तेवढ्यात धाकट्या भावानं, मुरलीकृष्णानं, ती घेऊन टाकली. आज ती राजवाड्यामागच्या गल्लीत हार घालून, चाकांखाली लिंबं ठेवून नवरीसारखी उभी होती. सीतारामरावांचा नुसता जळफळाट होत होता. त्यात मुरलीनं कोहळा त्यांच्याच हातात दिला. "अण्णा, घरात वडील तुम्ही. दृष्ट तुम्हीच काढा."

मेल्याला दुसरं कुणी मिळालं नाही! कोहळा ओवाळत ते पुटपुटले, "आल्यागेल्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची, पाप्याची, चांडाळाची दृष्ट जळो."

मागे उभी असलेली त्यांची बायको हिराबाई हळूच म्हणाली, "घरच्यांचीही म्हणा."