सोनाळ्याचा गैरहजर

विषय : सोनाळ्याच्या गणपतला बायकोने घरात घ्यावे, म्हणून कचेरीने त्याला 'हजर' ठरविण्याबाबत.

जंगलाला टेकलेल्या आमच्या कचेरीत किस्से गवतासारखे वाढतात. कापायची परवानगी तेवढी वरून यावी लागते. आमचा वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, त्यामुळे 'वर' म्हणजे नागपूर.

जंगलात गेलेला माणूस परतला नाही की लोक 'वाघानं नेला' म्हणत आणि ठेकेदाराचे मजूर कुऱ्हाडी टाकून घरी बसत. कचेरीच्या साहेबांनी वाघाऐवजी शब्दाचा बंदोबस्त केला. प्रेत सापडेपर्यंत 'वाघ' लिहायचा नाही, बोलायचा नाही, 'गैरहजर' म्हणायचं. गणपत सरपणाला गेला तो आलाच नाही, तेव्हा कोतवालानं गावात तेच सांगितलं.

मग पाटलाचा गोऱ्हा नाहीसा झाला. कोतवालानं वर्दी दिली, "साहेब, गैरहजरानं गोऱ्हा नेला."

*

शाळेत मास्तर हजेरी घेत होते. एक पोरगं आलं नव्हतं. मास्तर सवयीनं मोठ्यानं म्हणाले, "गैरहजर." वर्ग खिडक्यांतून रिकामा झाला. संध्याकाळी आयाबाया मास्तरांच्या दारात. "मास्तर, लेकरायसमोर त्याचं नाव घेऊन त्याले बलावता काऊन?"

*

लाकडाचे व्यापारी चांदभाई वाघाला कधी भ्यायले नव्हते. डबा वाजवत बैलगाडी जंगलातून काढत. त्यांनीही गाडी सोडून ठेवली. साहेबांनी कारण विचारलं.

"वाघाले मी वळखतो हुजूर. त्याले चार पाय असतात. ह्याले किती, कोनाले मालूम?"

*

साहेब चिडले. त्यांनी गावात दवंडी पिटवली की, जंगलात गैरहजर नावाचं काहीही नाही.

लोकांनी नीट ऐकून घेतलं. जंगलात नाही, म्हणजे गावात आला. भर दुपारी सोनाळ्याची दारं बंद झाली.

*

अशात गणपत परतला. मेहुण्याशी भांडून तो रागानं बऱ्हाणपूरला गेला होता आणि तिथे गिरणीत लागला होता. अंगानं थोडा भरला होता, तेच नडलं. वाघाच्या तोंडातून आलेला माणूस जाड कसा?

बायकोनं दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली, "सरकारनं तुमाले गैरहजर केलं, आता सरकारनंच हजर करावं. कागद आना, मंग दार उघडतो."

"अवं, मी तुह्या म्होरं उभा हावो न!"

"थे तर त्यालेबी जमत असन."

जेवणाचं ताट मात्र खिडकीतून वेळेवर येई. गणपत ओसरीवर जेवायचा, तिथंच झोपायचा आणि कचेरीत येऊन अर्ज घेऊन माझ्या टेबलाशी उभा राहायचा. "बाबूजी, पाऊस आला तं मी कोठी जाऊ?"

साहेबांची अडचण वेगळी होती. गणपत हजर ठरला तर त्याला गैरहजर ठरवणारा त्यांचाच हुकूम चुकीचा ठरत होता. शेवटी त्यांनी तोड काढली. गावातल्या साक्षीदारांनी 'हाच तो गणपत' म्हणून सांगावं.

सुनावणीला पाटील, कोतवाल, मेहुणा, सगळे आले. कचेरीच्या ओसरीत दाटी झाली. शिपायानं फाइलीवरचं नाव वाचून पुकारा केला, "गणपत गैरहजर, हाजिर हो!"

गणपत मागून म्हणाला, "हाव, आलो."

साहेबांनी मान वर केली तेव्हा ओसरीत फक्त जोडे होते. त्यांनी टाक उचलून शेरा मारला : 'साक्षीदार गैरहजर.' संध्याकाळपर्यंत हा शेरा सोनाळ्यात साक्षीदारांच्या घरोघरी पोचला.

मी निवृत्त झालो, तेव्हा अर्ज प्रलंबित होता.