नमुना अपुरा

प्रयोगशाळेत सगळे त्याला रंगारी म्हणत. एकवीस वर्षं तो काचपट्ट्यांवरच्या पेशींना निळा-गुलाबी रंग चढवत होता आणि आपल्या हाताचा त्याला थोडा ताठाही होता. नव्या मुलींना तो सांगे, "फॉर्मालिनमध्ये पेशी टिकतात, पण फोटोतल्या माणसासारख्या. श्वास नाही."

त्या सोमवारी शिवणकाम करणाऱ्या एका बाईच्या मानेतल्या गाठीत डॉक्टरीणबाईंनी सुई घातली. पहिला थेंब काचेवर गेला. दुसऱ्या वेळचा मिठाच्या पाण्यात सोडायचा होता, कारण पेशी तपासणाऱ्या यंत्राला त्या जिवंत लागतात. रंगारी मेव्हण्याशी फोनवर हुज्जत घालत होता. झाकण लावताना नाकाला वास झोंबला तेव्हा त्याला कळलं: बाटली फॉर्मालिनची होती.

काचेवर लिम्फोमाचा, म्हणजे लसीका ग्रंथींच्या कर्करोगाचा संशय दिसला, पण त्याची जात ठरेना.

"यंत्रासाठीचा नमुना कुठाय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"अपुरा होता," तो म्हणाला. किती सहज निघाला शब्द.

आठ दिवसांनी बाई पुन्हा टेबलावर आडवी झाली.

"दादा, माझी गाठच मेली कंजूष," ती त्याला म्हणाली. "तुम्हाला उगाच दुसरी खेप. आमचे हे म्हणतात, तुझ्याकडून कधी कुणाला काही सुटलंय का, तर गाठीतून सुटेल."

डॉक्टरीणबाई हसल्या. रंगाऱ्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ही बाई त्याची माफी मागत होती.

"नमुना पुरेसा होता," तो म्हणाला. "मी चुकीच्या बाटलीत घातला. नंतर खोटं बोललो."

सुई हवेतच राहिली. बाईला मान वळवता येत नव्हती. ती छताकडेच बघत होती.

"आठ दिवस मी माझ्याच अंगाला बोल लावत होते," ती हळू म्हणाली. मग डॉक्टरीणबाईंना, "घाला तुम्ही सुई. बाटली तेवढी यांच्या हातात नको."

त्याने बाटली शेजारी उभ्या नर्सकडे दिली. जा असं त्याला कुणी म्हटलं नाही, थांब असंही नाही.

गुरुवारी जात कळली, औषधं ठरली. रिपोर्ट न्यायला बाईची मुलगी आली. पाकीट घेताना तिने विचारलं, "तुम्हीच का ते?"

"हो," तो म्हणाला.

तिने मान हलवली आणि पाकीट तिथेच उघडून रिपोर्टवरचं आईचं नाव वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं.