वाफ जाते कुठे?

"मॅडम, प्रेशर पुन्हा पडलं. उद्या संध्याकाळपर्यंत जमलं नाही, तर मी जुना बॉयलर पेटवणार."

सकाळी सात वाजता शेठचा फोन. नाशिक रोडच्या घरातून मी चहा न घेताच निघाले.

मी एनर्जी ऑडिटर. कारखान्यात इंधन आणि वीज कुठे वाया जाते ते शोधायचं, हे माझं काम. शेठची रिफायनरी लहान. गॅरेजमधून गोळा केलेलं काळं इंजिन ऑइल तापवून, गाळून, शुद्ध करून विकतात. त्यांच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने अट घातली होती, की रिफायनरी नेट झिरो करा. म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडाल, तेवढाच भरून काढा. भरून काढणं अवघड, म्हणून आधी सोडणं कमी करायचं. सगळ्यात जास्त धूर फर्नेस ऑइलच्या बॉयलरचा. तो बंद करून सौर विजेवरचा इलेक्ट्रिक बॉयलर बसवा, असं मी सुचवलं. तेल तापवायला किती वाफ लागते ते मीच मोजलं आणि त्या मापाचा बॉयलर आला.

आणि आता त्याची वाफ पुरत नव्हती. जुना पुन्हा पेटला असता, तर गिऱ्हाइकाला दिलेला शब्द मोडला असता. वीस वर्षांत कमावलेलं माझं नावही गेलं असतं. खरं सांगते, घाबरले होते.

बॉयलर तपासला. ठणठणीत होता. बॉयलर कंपनीचा इंजिनियर म्हणाला, "तुमचं माप चुकलंय." मी त्याला कागद दाखवले, आवाजही जरा चढवला. मग टाक्यांच्या मागे गेले. थंडीचे दिवस. गटारातून भाताच्या पातेल्यासारखी वाफ येत होती. ऑडिटच्या दिवशी मी इथेच उभी होते, तेव्हा गटार कोरडं होतं.

बॉयलर ऑपरेटर पगारे मागोमाग आले होते. निवृत्तीला आलेला माणूस, कमी बोलणारा. मी विचारलं, "पगारेदादा, हे काय?"

"बायपास हाय मॅडम. आम्ही रोज थोडं उघडं ठेवतो."

वाफेच्या पाइपवर जागोजागी स्टीम ट्रॅप असतात. ट्रॅप साठलेलं पाणी सोडतो, वाफ अडवतो. त्याच्या शेजारून जाणारी वाट म्हणजे बायपास. तो उघडा ठेवला, की पाण्याबरोबर वाफही गटारात जाते.

"मग मी आले तेव्हा?"

"तेव्हा बंद केले होते. तुम्ही यायच्या होत्या ना! पाहुणे येणार म्हणल्यावर झाडलोट करतोच की माणूस."

मला हसावं की रडावं कळेना. मी मोजलेली वाफ ही झाडलोट केलेल्या रिफायनरीची होती.

"पण रोज उघडे का ठेवता?"

"एका हिवाळ्यात लाइन थंड पडली न् आतलं जड तेल गोठलं. तीन दिवस शेगड्या लावून वितळवलं मी. तेव्हापासून रिस्क नाय घेत."

म्हणजे पगारेंची भीती खोटी नव्हती. ट्रॅप बिघडून पाणी सोडत नव्हते, ते बदलण्याऐवजी त्यांनी बायपासवर भागवलं होतं. नुसते बायपास बंद केले असते, तर पाणी तुंबून तेल पुन्हा गोठलं असतं.

पगारेंनी लांब स्क्रू ड्रायव्हर काढला. टोक ट्रॅपला, मूठ कानाला. "हा मेलाय. हा बरा हाय. हा लय शिट्टी मारतोय." तासाभरात खराब ट्रॅपना खडूने फुल्या मारल्या. अंबडच्या दुकानातून नवे मागवले, फिटरने रात्रीपर्यंत बसवले. सकाळी बायपास एकेक करून बंद केले. पगारे प्रत्येक लाइनला फडकं गुंडाळलेला हात लावून बघत होते. मीही नुसता हात लावला, चांगलाच भाजला.

दुपारी प्रेशर चढलं आणि टिकलं. संध्याकाळी शेठनी स्वतः येऊन प्रेशरचा काटा पाहिला.

"रिपोर्टात चूक कोणाची लिहायची?" त्यांनी विचारलं.

"माझी," मी म्हणाले. मोजमाप माझं होतं.

जुना बॉयलर भंगारात गेला. नेट झिरो अजून लांब आहे, पण सगळ्यात मोठं धुराडं बंद झालं.

आता मी प्रत्येक ऑडिटला दोनदा जाते. पहिल्यांदा कळवून जाते, तेव्हा चहा-बिस्किटं मिळतात. दुसऱ्यांदा न कळवता जाते, तेव्हा आकडे मिळतात.