घरटी एक माणूस

"उधाणाच्या आधी का मागनं?"

कोणतीही तारीख सांगितली की बाबांचा पहिला प्रश्न हा. बाबा माझे वडील नव्हेत, सगळी खाडी त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही. लग्नाची सांगा, दवाखान्याची सांगा, वीजवाल्यांनी दिलेली सांगा. अमावास्या-पौर्णिमेला आमच्या खाडीला उधाण येतं आणि अष्टमीच्या आसपास पाणी फार चढत नाही, त्या दिवसांना भांग म्हणतात. बाबांच्या लेखी महिन्यात एवढे दोनच प्रकारचे दिवस होते. बांधाचं काम भांगात करायचं आणि उधाणात बांधावर पहारा करायचा. बाकी कॅलेंडर भिंतीला शोभेसाठी.

दुसरी सवय टाचेची. कुठेही उभं राहण्याआधी उजवी टाच दोनदा जमिनीवर आपटायची. खेकड्यांनी आतून बिळं केली असली की बांध वेगळा वाजतो म्हणे. माझ्या पेणच्या दुकानातसुद्धा ते टाच आपटूनच स्टुलावर बसायचे. मी म्हणायचो, "बाबा, खाली सिमेंट आहे." ते म्हणायचे, "असूंदे. सिमेंटला पन उंदीर लागतात."

माझा धंदा मांडव, खुर्च्या आणि माईकचा. पेणपासून रोह्यापर्यंत कुठल्याही पक्षाची सभा असो, स्टेज माझं असतं. तुम्ही पुढाऱ्यांना समोरून बघता, मी मागून बघतो. शर्टाच्या आत खाजवताना, भाषण संपल्यावर ज्याला शिव्या घातल्या त्याच्याच खांद्यावर हात टाकताना. इतकी वर्षं बघून मला आता पुढाऱ्यांचा रागही येत नाही. शिसारी येते. आणि त्या शिसारीत माझाही वाटा आहे, म्हणूनच हे लिहायला बसलोय.

बाबांचं गाव धरमतरच्या खाडीला लागून. भरतीला खाडीचं पाणी शेतापेक्षा वर असतं आणि मध्ये फक्त मातीचा बांध. बांधाला खांड पडली, म्हणजे भगदाड पडलं, की खारं पाणी शेतात. त्या गावाचा जुना रिवाज असा की खांड पडल्याची हाक आली की घरटी एक माणूस बांधावर गेलाच पाहिजे. ओहोटीला सगळ्यांनी रांग लावायची आणि चिखलाच्या ढेपा हातोहात पुढे द्यायच्या. रांग लावायचं काम बाबांचं. आणि बाबा मुद्दाम ज्यांचं एकमेकांशी बोलणं बंद आहे त्यांना शेजारी शेजारी उभे करायचे. मी एकदा विचारलं, हे काय खूळ? ते म्हणाले, "बोलत नसले तरी ढेप घेताना दुसऱ्याच्या हाताकडं बघावा लागतो. नाय बघला तं चिखल पायावर." दोन तास हाताकडे बघून बघून निम्मी भांडणं तिथेच विरघळायची. उरलेल्या निम्म्यांसाठी पुढची खांड होतीच.

बाबांचीच दोन पोरं एकमेकांशी बोलत नव्हती, ही मात्र अलीकडची गोष्ट. थोरला रोह्याला एका कंपनीत कंत्राटावर, शिफ्टमध्ये. धाकटा गावात शेती बघायचा. भांडण जमिनीचं नव्हतं, बायकांचं नव्हतं. भांडण होतं कार्बन कराचं. हसू नका. खरंच सांगतो.

झालं असं की कोळसा जाळणाऱ्या, धूर सोडणाऱ्या कंपन्यांवर कर बसवायचा अशी चर्चा टीव्हीवर सुरू झाली आणि आमच्याकडच्या दोन पुढाऱ्यांनी ती उचलली. एक साहेब, एक भाऊ. साहेब म्हणायचे, हा कर लागलाच पाहिजे, समुद्र चढतोय तो या धुरामुळे, आणि कराच्या पैशातून खाडीला काँक्रीटचा बांध घालून देतो. भाऊ म्हणायचे, कर लागला की रोह्याच्या कंपन्या गाशा गुंडाळतील, धरमतरच्या जेटीला कोळशाचा एक बार्ज लागणार नाही, पोरं घरी बसतील. धाकटा साहेबांचा झाला, थोरला भाऊंचा. एका ताटात जेवलेले भाऊ मोबाईलवर एकमेकांना दलाल म्हणू लागले. गावही असंच मधोमध फाटलं.

बाबांना विचारलं तर म्हणायचे, "दोगांचा बी थोडा थोडा खरा हाय." पाणी चढतंय हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती, बांधावर दरवर्षी वीतभर माती ते स्वतः चढवत होते. आणि थोरल्याचा पगार कुठून येतो हेही त्यांना माहीत होतं. पण असं बोलणाऱ्याला दोन्हीकडून शिव्या पडतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

त्यातच बांधाला खांड पडली. मोठी नव्हती, दोन वाव, म्हणजे दोन माणसांनी हात पसरले तर बुजेल एवढी. पूर्वी एका ओहोटीत काम झालं असतं. पण या वेळी हाक देऊनही कोणी आलं नाही. साहेबांच्या लोकांना भाऊंच्या लोकांशेजारी उभं राहायचं नव्हतं आणि भाऊंच्यांना साहेबांच्या.

नेमकं त्याच आठवड्यात एका मंडळाने गावाबाहेर बांधाजवळच्या मैदानात सभा ठेवली. "कार्बन कर : तारक की मारक?" साहेब आणि भाऊ एकाच स्टेजवर. स्टेज माझं, माईक माझा. मैदान खचाखच, मधून दोरी बांधून दोन्ही पक्षांचे लोक वेगळे बसवलेले. बाबा दोरीला लागून पहिल्या रांगेत, खांद्यावर पंचा, आणि त्यांची दोन पोरं दोरीच्या दोन बाजूंना.

भाषणं झाली. साहेबांनी भाऊंना कंपनीचा नोकर म्हटलं, भाऊंनी साहेबांना गरिबाच्या पोटावर पाय देणारा म्हटलं. शिट्ट्या, टाळ्या, सगळं झालं. मग मध्ये पाच मिनिटं चहा. स्टेजच्या मागे, माझ्या मशीनपासून दोन हातांवर, दोघे एकाच थर्मासचा चहा प्यायला आले. साहेब म्हणाले, "खांडीला कोणी हात लावायला नको. मंत्री येणार आहेत. त्यांना दिसली पाहिजे." भाऊ हसले आणि म्हणाले, "माझी माणसं कशाला लावतील? तुमच्या राज्यात बांध फुटला हे मलाही दाखवायचंय." साहेबही हसले. दोघांचं याच एका गोष्टीवर एकमत होतं.

मी ते ऐकलं. समोर बाबा बसले होते, दहा पावलांवर. मी जाऊन सांगितलं नाही.

सभा संपता संपता बाबा स्टेजवर चढले. आधी टाच आपटली, दोनदा. माईक दोन्ही हातांनी धरला. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण म्हाताऱ्या माणसाला उतरवणार कोण?

"उद्या अष्टमी हाय," ते म्हणाले. "भांगाचा पानी हाय. खांड दोन वाव हाय. कर लागंल नाय तं नाय लागंल, त्याचा मना काय कलत नाय. पन अमावास्येच्या आधी खांड भरली नाय तं शेता गेली. सकाळी ओहोटी लागली का घरटी एक माणूस. रांग मी लावतो. पयला माझा थोरला, आनी त्याच्या बाजूला माझा धाकटा—"

तेवढ्यात साहेबांच्या माणसाने माझ्याकडे बघून गळ्यावरून बोट फिरवलं. मी भाऊंच्या माणसाकडे पाहिलं. त्यानेही मान हलवली.

आणि मी बटण फिरवलं.

बाबांना लगेच कळलं नाही. ते बोलतच होते, बोटाने एकेकाकडे दाखवत होते, तू इथे, तू त्याच्या बाजूला. ओठ हलत होते. पुढच्या चार-पाच जणांना ऐकू गेलं असेल, बाकी मैदान उठून चप्पल शोधत होतं. थोरला मोटरसायकलवरून निघून गेला, धाकटा साहेबांच्या गाडीमागे. मग बाबा थांबले. आधी कर्ण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.  पुन्हा दोनदा टाच आपटली, माझ्या फळ्यांवर, आणि उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्च्या न्यायला मी टेम्पो घेऊन गेलो. ओहोटी लागली होती. खांडीत बाबा एकटेच, मांड्यांपर्यंत चिखलात. स्वतःच ढेप कापायची, स्वतःच उचलायची, स्वतःच जाऊन लावायची. एक लावून दुसरी आणेपर्यंत पहिली निम्मी वाहून गेलेली. मी बांधावरून ओरडलो, "बाबा, कशाला मरताय? सोमवारी पोकलेन येतंय, साहेबांनी सांगितलंय."

त्यांनी मान वर केली. "कनच्या सोमवारी? उधाणाच्या आधी का मागनं?"

मला उत्तर माहीत होतं. मी टेम्पोत बसलो.

पोकलेन आलं, अमावास्या उलटून गेल्यावर. मागोमाग मंत्री आले, फोटोवाले आले, खांडीच्या दोन काठांवर दोन पक्षांचे दोन फ्लेक्स लागले. तोवर खांडीतून दोन होड्या शेजारी शेजारी जातील एवढी जागा झाली होती. पोकलेन बांधावर चढताच बांध आणखी खचला, म्हणून ते परत नेलं. त्या वर्षी भात करपलं. पुढच्या वर्षी कोणी पेरलंच नाही. आता तिथे खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या तिवराची रोपं कमरेएवढी आहेत. लांबून हिरवं दिसतं, परगावच्या माणसाला वाटतं काय पीक आलंय.

शेत गेल्यावर धाकटा जेटीवर हमालीला जाऊ लागला, त्याच कोळशाच्या बार्जवर. बाबांना थोरला रोह्याला घेऊन गेला. तिथे मला ते एकदाच भेटले, कुंडलिका नदीच्या काठी, पुन्हा एका सभेत. विषय तोच. फक्त मधल्या काळात मुंबईत युत्या बदलल्या होत्या, त्यामुळे आता साहेब म्हणत होते की कर लागला तर पोरं घरी बसतील, आणि भाऊ म्हणत होते की कराच्या पैशातून काँक्रीटचा बांध घालून देतो. वाक्यंसुद्धा तीच, हातवारेही तेच. मला दोघांची भाषणं पाठ होती, मी मशीनजवळ बसून पुढचं वाक्य आधी पुटपुटत होतो. लोक टाळ्या वाजवत होते. साहेबांचे लोक करापायी दोन वर्षं डोकी फोडून घेत होते, तेच आता कराच्या नावाने बोंबलत होते. कोणाच्या तोंडावर साधी लाजही दिसेना. ओकारी यावी असा प्रकार.

बाबा येऊन माझ्या शेजारी पेटीवर बसले. रोह्याच्या काँक्रीटवरही टाच आपटायचं विसरले नव्हते.  मग मी सांगून टाकलं, त्या दिवशी आवाज मीच बंद केला होता.

"मना ठाव हाय," ते म्हणाले. "बटन तुझ्याच हातात होता."

मी मान खाली घातली. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"त्याचा काय नाय. पन सकाळी तू टेम्पो घेऊन आलास ना, तवा खाली उतरला असतास तं बरा झाला असता. मना एकच मानूस कमी पडत होता."

त्यांनी शिवी दिली असती तर मी आयुष्यभर त्यांचा उपकार मानला असता.

बाबा गेल्या पावसाळ्यानंतर गेले. गावात शोकसभा ठेवली, त्याच मैदानात. साहेब आले, भाऊ आले. आता दोघे एकाच बाजूला आहेत की काय आहेत, मी विचारणं सोडून दिलंय. बाबांच्या फोटोवर "बांधाचे रक्षक" असं लिहिलं होतं. साहेब बोलायला उभे राहिले, "बाबा माझ्या वडिलांसारखे..." इतकंच बोलले असतील.

मी बटण फिरवलं.

साहेबांना कळलं नाही. ते बोलत राहिले, हात उंचावले, छातीवर ठेवले. त्यांचा माणूस माझ्याकडे बघून खुणा करत होता, मी मशीनकडे बघत बसलो. मला वाटलं होतं आता लोक ओरडतील, "आवाज, आवाज" करतील. कोणी नाही ओरडलं. आणि जिथे जिथे साहेब थांबले, तिथे तिथे लोकांनी बरोबर टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या. मला स्वतःचा जो काही पराक्रम वाटत होता तो तिथल्या तिथे उतरला.

मैदान रिकामं झाल्यावर मी एकटाच फळ्या काढत होतो. थोरला आला आणि त्याने एका फळीचं टोक उचललं. थोड्या वेळाने दुसरं टोक कोणी तरी उचललं. धाकटा होता. मी टेम्पोत उभा राहून घेत होतो आणि ते दोघे एकमेकांच्या हातातून फळी पुढे सरकवत होते. बोलले नाहीत. पण फळी जड होती, हाताकडे बघितल्याशिवाय देता येत नव्हती.

शेवटची फळी चढवून धाकट्याने कपाळ पुसलं आणि खांडीकडे बघत मला विचारलं, "उधान कवा हाय?"

"परवा," मी म्हटलं.

तिघेही तिकडेच बघत उभे राहिलो. भरतीचं पाणी खांडीतून आत येत होतं, सावकाश, तिवरांच्या मुळापर्यंत. आता तिथे शंभर माणसांची रांग लावली असती तरी ढेप पलीकडे पोचली नसती.