तहकुबीचा अर्धा तास

दूध करपल्याचा वास आला की मला नवेगाव बांधच्या बाजूच्या एका गावातल्या मच्छीमार संस्थेची वार्षिक सभा आठवते. सहकारी संस्थांचा कारभार हा माझ्या पीएचडीचा विषय होता आणि निरीक्षकाने कोपऱ्यात गप्प बसायचं, असं गाइडनी बजावलं होतं. पुरेसे सभासद आले नाहीत म्हणून नियमाप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब झाली. मी रेकॉर्डर बंद केला आणि सगळ्यांबरोबर बाहेर चुलीपाशी गेले. म्हातारे अध्यक्ष नजर अधू झाली तरी पद सोडत नव्हते, आणि त्यांना तोंडावर सांगायची कुणाची छाती नव्हती. चहा करत होती त्यांची बायको, तीही सभासदच. ती एकाएकी म्हणाली, "यायले आता दिसून नाही राहिलं जी. सही कुठी करायची थेबी मलेच दाखवा लागते. सोडा नं खुर्ची, मले घरी माणूस पाहिजे." सगळे अध्यक्षांकडे पाहू लागले. तेवढ्यात चुलीवरचं दूध करपलं. अध्यक्ष त्याच दुधाचा चहा बशीत ओतून प्यायले आणि तिला म्हणाले, "अजून अर्धा कप दे." सभा पुन्हा भरली तेव्हा त्यांनी प्रकृतीचं कारण सांगून पद सोडलं आणि सगळे एका सुरात "मंजूर" म्हणाले. निघताना त्यांनी मला हळूच विचारलं, "मॅडम, चहाच्या टायमाले तुमची मशीन चालू होती का?" मी नाही म्हटलं. "बरं झालं," म्हणून ते लाजल्यासारखे हसले. आता मी संशोधन पद्धती शिकवते. माझ्या प्रबंधात त्या ठरावापुढे 'चर्चा झाली नाही' असंच छापलेलं आहे, आणि करपलेला चहा मी अजून फेकत नाही.