वाळलं ते अंगाला

इस्त्रीबाईंना माणसांची तोंडं लक्षात राहत नाहीत, हे त्यांच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. एकदा सख्ख्या व्याह्यांना त्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं, "आम्हाला काही विकत घ्यायचं नाही" म्हणून. बिचारे मुलीला भेटायला आले होते. पण त्या दिवशी व्याह्यांच्या शर्टाचं तिसरं बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं लावलेलं होतं, हे बाईंना आजही आठवतं. आणि त्या ते सांगतातसुद्धा, जेवताना, चारचौघांत.

आता यात त्यांचा तरी काय दोष? एकोणिसाव्या वर्षी त्या संस्थेच्या धुलाईघरात लागल्या आणि छत्तीस वर्षं तिथंच राहिल्या. बुद्धीची वाढ मागे राहिलेल्या मुलांची ती संस्था. मोठी इमारत पुढे, धुलाईघर पार मागे, मधे लांबलचक फरसबंद अंगण. पुढे मुलं आणि मागे त्यांचे कपडे, असा कारभार. मुलं बाईंना क्वचित दिसायची. रोज सकाळी यायची ती त्यांची गाठोडी. पण गाठोडं सोडलं की सगळं कळायचं. कोण जेवताना सांडतं, कोण भिंतीला अंग घासत चालतं, कोणाच्या खिशात खडे असतात, कोण रात्री घाबरतं. पुढे डॉक्टर जाडजूड फायली लिहायचे. बाई म्हणायच्या, "लिहू देत. मळ खोटं बोलत नाही."

कपड्यांवर शाईनं लिहिलेली नावं चार धुण्यांत उडून जायची. म्हणून बाईंनी प्रत्येक कपड्याला आतून रंगीत दोऱ्याचे टाके घालायला सुरुवात केली. कोणाचे लाल दोन, कोणाचा हिरवा एक. दीडशे मुलं, दीडशे खुणा, आणि वही नावाची भानगड नाही. "वही हरवते. डोकं मानेवर असतं," हे त्यांचं उत्तर. इस्त्रीबाई हे नाव पडलं ते हातातल्या इस्त्रीमुळे की स्वभावामुळे, हे मात्र विचारायची कोणाची छाती झाली नाही.

संस्था बंद होऊन वीस वर्षं झाली आणि बाई सत्तरीच्या पुढे गेल्या, तेव्हा त्यांच्या दारात फीतवाले उभे राहिले. जुन्या चित्रफिती जपणाऱ्या सरकारी कचेरीतले हे गृहस्थ, पन्नाशीचे, जाड चष्म्याचे, आवाज इतका हळू की बाई पहिल्याच वाक्याला ओरडल्या, "अहो, जेवला नाहीत का?" संस्थेच्या एका कपाटात चारशेवर फिती सापडल्या होत्या. डॉक्टरांनी तपासणीसाठी मुलांची चलचित्रं घेतली होती, आवाज भरून ठेवले होते, आणि डब्यांवर लिहिलं होतं काय? "मुलं, अंगण, चार." "मुलं, व्हरांडा, दोन." नाव एकाचंही नाही. आणि कचेरीचा नियम असा, की ज्या चेहऱ्याला ना नाव, ना नातेवाईकाची सही, तो बाहेर कोणालाही दाखवायचा नाही. जुनी माणसं एकेक करून गेलेली. उरल्या होत्या या.

"मला तोंडं ओळखता येत नाहीत," बाईंनी साफ सांगितलं. तरी फीतवाल्यांनी त्यांना नेऊन पडद्यासमोर बसवलंच. पडद्यावर मुलं पुसट, पाण्यातून पाहावीत तशी. बाई जांभया देत होत्या. आणि एकदम ओरडल्या, "थांबवा! अहो, ते ढोपर माझं आहे!" एका मुलाच्या विजारीच्या गुडघ्यावर बाईंनी लावलेलं चौकोनी ठिगळ होतं. ठिगळावरून विजार, विजारीवरून टाके, टाक्यांवरून नाव. त्या दिवशी सात मुलांना नावं मिळाली, दोन महिन्यांत एकसष्ट. फीतवाले सगळ्यांना सांगत सुटले की बाई म्हणजे चालतंबोलतं दफ्तर आहे. बाईंना ते ऐकून आतून गुदगुल्या व्हायच्या, वरून त्या म्हणायच्या, "पुरे झालं, चहा सांगा."

घरच्यांना पत्रं गेली, तशी माणसं येऊ लागली. त्यांतच एक बसड्रायव्हर आला. पंचावन्न वर्षांचा दांडगा गडी, पण खुर्चीच्या कडेवर शाळेतल्या पोरासारखा बसला. त्याची मोठी बहीण चौथ्या वर्षी संस्थेत ठेवलेली. त्यानंतर दोन वर्षांनी हा जन्मला. घरात तिचं नाव कोणी काढलं नाही. चौदाव्या वर्षी तापानं ती संस्थेतच गेली, हेही याला कळलं ते आई गेल्यावर, कपाटातल्या कागदांतून. घरात तिचा एक फोटो नाही.

"मला ती एकदा बघायची आहे, बाई," तो म्हणाला. "कशी दिसायची एवढंच. दुसरं काही नको."

बाईंनी नाव ऐकलं आणि म्हणाल्या, "निळे तीन. कॉलरखाऊ!"

या पोरीनं बाईंना रडवलं होतं. तिच्या प्रत्येक कपड्याची कॉलर चावून चावून चिंधी झालेली असायची. बाई दोन दिवसांआड नवी पट्टी लावायच्या आणि न पाहिलेल्या त्या पोरीवर तोंडाचा पट्टा सोडायच्या, "पुढं खायला घालत नाहीत का गं तुला, भवाने?" मग तिसऱ्या पट्टीपासून त्या मऊ कापड निवडायला लागल्या, पोरीच्या हिरड्या दुखू नयेत म्हणून. हे त्यांनी तेव्हा कोणाला सांगितलं नव्हतं.

तीन आठवडे शोधल्यावर "मुलं, व्हरांडा, दोन" मध्ये पिवळा फ्रॉक दिसला. कॉलरला बाईंनी लावलेली निळी पट्टी. आणि फ्रॉकात एक पोरगी, अशी नाचत होती म्हणता! गिरकी घेत होती, टाळ्या पिटत होती, थेट कॅमेऱ्यात बघून खदखदा हसत होती.

"हीच!" बाई म्हणाल्या. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

ड्रायव्हरनं ती फीत अकरा वेळा बघितली. एवढा आडदांड माणूस, हमसून हमसून रडला आणि जाताना बाईंच्या पाया पडला. फीतवाल्यांनी त्याला घरी न्यायला प्रत करून दिली. नियमाप्रमाणे त्या प्रतीत बाकीच्या सगळ्या मुलांचे चेहरे धूसर केले, फक्त त्या नाचरीचा उघडा ठेवला.

आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी बाईंच्या घरी बाल्कनीला रंग द्यायला माणसं आली, म्हणून सूनबाईनं दिवाणखान्यातच दोरी बांधून धुणं वाळत घातलं. बाई ओल्या चादरीखालून वाकून स्वयंपाकघरात निघाल्या आणि मधेच थबकल्या. चादर डोक्यावर तशीच.

त्या फितीत, नाचणाऱ्या पोरीच्या मागे, व्हरांड्यात चादरी वाळत होत्या.

व्हरांड्यात चादरी? बाईंच्या राज्यात? छत्तीस वर्षांत असं एकदाच झालं होतं. कपडे ज्या उबेत वाळायचे ती वाळवणघराची भट्टी फुटली होती आणि दुरुस्त व्हायला नऊ दिवस लागले होते. कपडे वाळता वाळत नव्हते, मुलं गारठत होती. तेव्हा बाईंनीच हुकूम काढला होता: टाके बघत बसू नका, वाळलं ते अंगाला. ज्याला जे बसेल ते चढवा. त्या नऊ दिवसांत कोणाचा सदरा कोणाच्या अंगावर होता, ते देवालाही सांगता आलं नसतं.

बाई तिथंच खाली बसल्या.

सूनबाईनं सगळं ऐकून घेतलं. ती पोरगी शहाणी, सासूवर जीव असलेली. म्हणाली, "आई, त्यांना समाधान मिळालंय ना? झाकली मूठ सव्वा लाखाची. आता कशाला उघडता?"

"अगं, मूठ माझी असती तर झाकली असती," बाई म्हणाल्या. "त्यात त्याची बहीण आहे."

त्या दिवशी त्या धड जेवल्या नाहीत. लोक आता हसतील, चालतंबोलतं दफ्तर चुकलं म्हणतील, ही बोच होतीच; बाई काही संत नव्हेत. दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधीच त्या पायरीवर जाऊन बसल्या. फीतवाले आले, तसं त्यांना कुलूपही धड उघडू दिलं नाही. "व्हरांडा दोन लावा. मूळची लावा, पुसलेली नको."

फीत सुरू झाली. या वेळी बाईंनी फ्रॉक पाहिलाच नाही, पाहिलं तोंड. दोन मिनिटं चाळीस सेकंद ती पोरगी नाचली, पण कॉलर एकदाही तोंडात गेली नाही.

"कपडा बदलेल, साहेब. दात बदलत नाहीत," बाई म्हणाल्या. "आता कडेकडेनं दाखवा."

कडेला, खांबाजवळच्या पायरीवर, एक पोरगी बसली होती. अंगात एका मोठ्या मुलाचा तपकिरी चौकड्यांचा शर्ट, बाह्या हातांच्या खाली लोंबणाऱ्या. आणि कॉलर तोंडात. एक सेविका तिला उठवायला आली. पोरीनं तिचा हात झटकला, दोन वीत सरकली आणि पुन्हा ठिय्या मारून बसली, कॉलर चावत, कपाळाला आठ्या घालून. जगावर रुसलेली.

"अगं बाई," इस्त्रीबाई म्हणाल्या, "अशी होतीस होय गं तू!" आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली. इतकी वर्षं जिच्या नावानं खडे फोडले, तिचं तोंड त्या पहिल्यांदा बघत होत्या.

ड्रायव्हरला निरोप गेला. दुपारची पाळी संपवून तो खाकी कपड्यांतच आला, हसत, हातात दोऱ्यानं बांधलेला कसलासा खाऊचा पुडा घेऊन. बाईंनी त्याला बसूही दिलं नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं: भट्टी, नऊ दिवस, वाळलं ते अंगाला. "ती नाचणारी तुमची बहीण नाही. मी चुकले. तुमच्या बहिणीचं तोंड पुसून आम्ही ती फीत तुमच्या हातात दिली. काय बोलायचं ते मला बोला, यांना नको."

ड्रायव्हरचा चेहरा काळाठिक्कर पडला. "बाई, मी रोज सकाळी तिला बघून कामावर जातो," तो म्हणाला. "माझ्या पोरींना दाखवली. सांगितलं, बघा, आत्या कशी नाचते. आता काय सांगू त्यांना?" आवाज चढला होता. बाईंनी मान खाली घातली. जन्मात कोणापुढे न घातलेली.

फीतवाल्यांनी फीत लावली आणि पायरीवरची पोरगी पडद्यावर मोठी केली. ड्रायव्हर आधी उभ्यानंच बघत राहिला, रागात. सेविका आली, पोरीनं हात झटकला, दोन वीत सरकली.

"परत लावा," तो म्हणाला.

परत लावली.

"आई," तो म्हणाला. "अहो, ही आमची आईच! शेवटच्या आजारपणात मी औषध घेऊन गेलो की अश्शीच. हात झटकायची, सरकायची, तोंड फिरवायची." आणि तो हसायला लागला, रडता रडता, खुर्चीचा हात धरून. "घरात जिचं नाव काढलं नाही, तिनं आईचा हट्टच उचललाय की!"

मग त्यानं बाईंना विचारलं, अजून काय माहीत आहे. बाईंना जे माहीत होतं ते सगळं त्यांनी सांगितलं. ती मोजे उलटे घालायची. तिच्या खिशात कधी काही नसायचं, पण तिला खिसे लागायचे. खिसा नसलेला फ्रॉक घातला की शिवण उसवून परत यायचा. डाव्या बाहीवर तेलकट डाग असायचा, म्हणजे ती कशाला तरी टेकून झोपत असणार. पिवळा रंग तिला चालायचा, पांढरा नाही. आणि मऊ पट्टीची गोष्टही सांगितली. ड्रायव्हर एकेक शब्द ऐकत होता. पुडा सुटला, खाऊ तिघांत फिरला, तरी बाईंचं संपेना.

निघायची वेळ झाली, तसे फीतवाले आपल्या हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला नवी प्रत करून देतो. यात बहिणीचा चेहरा उघडा असेल. दुसरीचा धूसर करावा लागेल."

"कोणती दुसरी?"

"ती नाचणारी. तिला अजून नाव नाही. तिच्यासाठी कोणी आलेलंही नाही."

ड्रायव्हर दारापर्यंत गेला होता, तो परत फिरला. "आणि नाहीच कोणी आलं तर?"

"तर ती फीत तशीच मिटून ठेवायची. नाव नसेल, तर निदान कोणी नातेवाईकानं सही केल्याशिवाय चेहरा उघडता येत नाही."

"द्या तो कागद," ड्रायव्हर म्हणाला.

"अहो, पण तुम्ही तिचे..."

"आठ दिवस होतो की! आता पोरींना काय सांगू, आत्या रद्द झाली? एक आत्या रुसकी, एक नाचरी. द्या."

फीतवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. नियमाचा माणूस तो, कागद उलटसुलट करून वाचत बसला. नात्याच्या रकान्याखाली शेवटी एक ओळ होती, 'इतर', आणि ती आजवर कोणी भरली नव्हती. त्यांनी तिथं पेन टेकवलं. "काय लिहू?"

"लिहा, चुकून झालेला भाऊ," ड्रायव्हर म्हणाला, आणि त्याखाली त्यानं मोठ्या अक्षरांत सही केली.

फीतवाल्यांनी शिक्का मारला. "नीट मारा," इस्त्रीबाई डोळे पुसत खेकसल्या, "पुसट उठलाय."